हॉलमधली हौसा

ती बाई घशात काटा अडकल्यासारखी गात होती. मी हॉलमध्ये फरशीवर पाय पसरून करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत बसले होते, सून दमयंती टपाल नाक्यावर ब्लाऊज आणायला गेलेली, घरात दुपारचा सुनसान, आणि टीव्हीच्या दोन बाजूंना जे दोन काळे उभे डबे माझ्या मुलानं, हरेशनं, दिवाळीत आणून ठेवलेत, त्यांतून कुणी हात न लावता एकाएकी बाई गायला लागली. आणि गात काय होती, तर धवला. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून नवरीच्या पाठवणीपर्यंत बाया गातात तो धवला. भटजी त्याचं म्हणतो ते म्हणू दे, पण धवलारीण उभी राहून गायली नाही तर हळद अंगाला लागली असं आमच्यात कुणी मानत नाही. पनवेलपासून उरणपर्यंतची माणसं लग्नाची तारीख धरायच्या आधी माझ्या दारात यायची, हौसाबाय मोकळी हाय का, ते विचारायची, मग बाकीचं. त्यामुळं दुसरी कुणी गायला लागली की माझा कान आपसूक तिच्या चुका वेचतो, तांदळातले खडे वेचावेत तसा. हिचा आवाज जाड होता. खालच्या सुराला खरखरत होता. आणि मुख्य म्हणजे हिला दम नव्हता. ओळ संपायच्या आधीच आवाज तुटायचा, तुटलेल्या जागी नुसतं भोक, मग पुढची ओळ, जणू मागं काही झालंच नाही. मी करंदीचं डोकं मोडलं आणि डब्याला ऐकू जाईल अशी बोलले, "हिला कोन बोलवतं गो मांडवात? दम नाय तं घरात बसावं."

मग नवरीचं नाव घ्यायची ओळ आली. धवल्यात नवरीचं नाव नुसतं घेत नाहीत, ते उतरवतात, झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तसं, कुठं आपटायला नको. ही बाई तिथवर बरी आली आणि एकदम फाडकन म्हणाली, पूर्वी! पूर्वी माझी नात. पुढच्या आठवड्यात तिची हळद. त्या 'पूर्वी'च्या पुढं 'गॅस बंद केलास का' एवढंच यायचं बाकी होतं. माझा हात करंदीवर थांबला, कारण या घरात पूर्वीला असं दुसरं कुणी बोलवत नाही. गाण्यावरून मी मला ओळखलं नाही. खेकसण्यावरून ओळखलं.

माणसाचा आवाज त्याला स्वतःला हाडांतून ऐकू येतो म्हणे, पण हे मला त्या वेळी कुठं ठाऊक होतं. मला एवढंच कळत होतं की माझ्या आत जी हौसा गाते तिचा आवाज भरलेल्या हंड्यासारखा आहे, आणि बाहेर ही जी गाते आहे ती कुणीतरी पोक काढून चालणारी म्हातारी आहे. लोकांनी आजवर कुणाला ऐकलं? आतल्या हौसाला की हिला? ती आणखी मोठ्यानं गायला लागली. मग आणखी मोठ्यानं. कपाटातल्या काचेच्या वाट्या बारीक थरथरल्या. मी उठले, करंदीचे हात तसेच, आणि एका डब्याच्या पुढच्या कापडावर पंजा ठेवला. आतून धडधड येत होती, कोंबडीला पोटाशी धरल्यावर येते तशी. कापडाला वास लागणार म्हणून दमयंती बोंबलणार हे मनात आलं, तरी हात काढवेना. डब्यांच्या मागं वाकून बघितलं, तर दोघांची मिळून एकच वायर, ती भिंतीतल्या बटणात. वर माडीवर, नातवाच्या कॉम्प्युटरकडं जाणारी काहीच नाही. मी ते बटण बंद केलं. गप्प. परत चालू केलं, जरा वेळानं डबा जागा झाला, आणि हौसा पुन्हा गायला लागली, पण जिथं मी तिला तोडलं होतं तिथून नाही. ती कितीतरी पुढं गेली होती. नवरीच्या मामाचं नाव होऊन गेलं होतं. माझ्या नवऱ्याकडं, शिवाकडं, टेपरेकॉर्डर होता, तो दाबून बंद केला की गाणं तिथंच बसून राहायचं, दुसऱ्या दिवशी दाबलं की त्याच अक्षरापासून उठायचं, इमानी कुत्र्यासारखं. हे तसं नव्हतं. हे खाडीच्या पाण्यासारखं होतं, तुम्ही पाठ फिरवली म्हणून भरती थांबत नाही. मग मधलं गाणं कुठं गेलं? मी पुन्हा बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा पुढं. तिसऱ्यांदा करणार तेवढ्यात जिन्यावरून धाड धाड पाय वाजले.

मितेश, पूर्वीचा थोरला भाऊ. घरूनच नोकरी करतो, दिवसभर वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं. गळ्यात हेडफोन लोंबत होता आणि तोंड चोरी पकडल्यासारखं.

"आजी! तू ऐकलंस?"

"मी काय, उरन नाक्यानं आयकलं."

"अगं सॉरी, सॉरी. मी हेडफोन लावून बसलोय, आवाजच येईना, म्हणून वाढवत गेलो. आउटपुट चुकून हॉलचं सिलेक्ट झालं होतं."

"आनि पूर्वीचं नाव आसं का घेते ती? मारायला धावते का पोरीला?"

मितेश हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. हे दोन वर्षांपूर्वीचं, दीपिकाच्या हळदीतलं, असं त्यानं सांगितलं. दीपिका म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, चंद्रावतीची नात. तिच्या हळदीत यानं मोबाईलवर माझं गाणं घेतलं होतं. आता पूर्वीच्या लग्नात दीपिकाचं नाव कसं चालेल, म्हणून यानं ते कापलं आणि मी पूर्वीला मोबाईलवर कधीतरी बोलून पाठवलेल्या निरोपातून तिचं नाव उचलून तिथं चिकटवलं.

"काय निरोप व्हता तो?"

"पूर्वी, गॅस बंद केलास का."

"आनि ह्ये सगलं कशापायी?"

तेव्हा ते बाहेर आलं. गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत पाणी झालं होतं, तेव्हापासून जिना चढले तरी मी मध्ये टेकते. हरेशनं आणि दमयंतीनं ठरवलं होतं की आईला मांडवात तासन् तास उभं करायचं नाही. दुसरी धवलारीण आणली तर आई जेवणार नाही. म्हणून मितेश कॉम्प्युटरवरून माझंच गाणं मांडवातल्या स्पीकरवर लावणार, आणि मी खुर्चीवर बसून ऐकायचं, नवी साडी नेसून. मला हे हळदीच्या दिवशीच कळायचं होतं. सरप्राइज.

मला राग यायला पाहिजे होता. दमयंती आली तेव्हा मी तिला तो दाखवलाही, "माजी तेरवी करून टाका ना आताच, फोटोला हार घाला आनि डबा लावा," असं बोलले आणि ती बिचारी पिशवी हातात धरून दारातच उभी राहिली. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं. जेवताना, भांडी आवरताना, रात्री आडवी झाले तरी डोळ्यांपुढं तेच. मधलं गाणं कुठं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दमत दमत जिना चढून मितेशच्या खोलीत जाऊन बसले. तो म्हणाला, "आजी, ते वायफायवरून जातं. वर चालूच असतं, खाली तू स्पीकर बंद केलास तर फक्त ऐकायला कुणी नसतं." किती सहज बोलला. चालूच असतं, ऐकायला कुणी नसतं. मी त्याच्या पलंगावर बसून हे वाक्य तोंडात घोळवत राहिले, आवळ्यासारखं.

मग त्यानं कॉम्प्युटरवर घराच्या खोल्यांची नावं दाखवली. हॉल. किचन. माडी. मला अक्षरं लावून वाचता येतं, तेवढी शाळा झाली आहे. नावावर टिचकी मारली की आवाज त्या खोलीत जायचा. मी माऊस हातात घेतला, तो साबणासारखा सटकायचा. आधी हौसाला हॉलमध्ये पाठवली. मग किचनमध्ये, तिथं फ्रीजवर एक लहानगा गोल डबा आहे, दमयंती त्यावर सकाळी भजनं लावते. खालून दमयंती ओरडली, "आई, मी भाकऱ्या करतेय!" म्हणजे पोचली. मला हसू आलं. तिची सासू एवढ्या वर्षांत कधी एका पावलात माडीवरून चुलीपाशी गेली नव्हती. मग मी म्हटलं, दोन्हीकडं एकदम पाठव बघू, आणि मी खाली उतरून हॉल आणि किचनच्या मधल्या दारात उभी राहिले. आणि तिथं मला ते सापडलं. हॉलमधली हौसा पुढं होती, किचनमधली जरा मागं. एक शब्द इकडून यायचा, मग तोच तिकडून, एवढ्या थोड्या फरकानं की पापणी लवावी.

मितेश वरून धावत आला, "लॅग येतोय. थांब, दोन्ही एका टायमिंगला आणतो."

"आसू दे रे. धवला आसाच आसतो. एक पुडं, एक मागं."

आणि मी त्या दारात उभीच राहिले. मला मिठागर आठवलं. लग्न होऊन मी आले तेव्हा आमचं सगळं घर मिठागरात राबायचं, आता तिथं कंटेनर उभे राहतात. पलीकडच्या बांधावर शिवा खुंटा ठोकायचा. लाकडी मोगरी खाली येताना डोळ्याला दिसायची आणि ठोक मागाहून यायचा, मोगरी परत वर गेल्यावर, आरशासारख्या पाण्यावरून घसरत. मी नवी नवरी, मला त्याची गंमत वाटायची, हातातलं काम टाकून मी ते बघत राहायची आणि सासू शिव्या घालायची. पुढं धाकट्या दिराची बायको म्हणून चंद्री आली. बांध अरुंद, डोक्यावर मिठाची पाटी, एकीमागं एक चालायचं, मी पुढं, ती मागं. गाण्यातही तसंच झालं, कुणी ठरवलं नाही. मी ओळ सांगायची, ती मागून धरायची. ती चांगली धरायची, पण ओळीच्या शेवटी लांबवायची. किती वेळा मी तिला मांडवातून परतताना बोलले असेन, "चंद्रे, शेपूट का लांबवतेस, आटप की." ती नुसती पदरानं घाम पुसायची.

दोन्ही डबे गात होते. तीच ती ओळ आली, जिथं दम तुटतो. हॉलमधली हौसा तुटली. मी मनात म्हटलं, आता किचनमधली धरेल. किचनमधली आली, त्याच अक्षरापर्यंत आली, आणि तिथंच तुटली. भोक दोनदा पडलं. मी मितेशला ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा दोनदा. एकच बाई दोन खोल्यांत उभी केली तर ती दोन्हीकडं त्याच जागी धापा टाकणार, हे कळायला फार डोकं लागत नाही, पण मला त्यापुढचं कळत नव्हतं. एवढं मोठं भोक असेल तर माझ्या मांडवात ते कुणालाच कसं दिसलं नाही? उरणच्या बाया काय सोडणाऱ्या आहेत? त्यांनी मला जिवंत खाल्लं असतं. आणि हे काय छातीतल्या पाण्यामुळं म्हणावं तर दीपिकाची हळद त्याच्या आधीची. तेव्हा मी धडधाकट होते. म्हणजे हे भोक जुनं होतं. किती जुनं?

"मितेश, बाकीचं कुटं हाय?"

"बाकीचं म्हणजे?"

"माज्याबरोबर मांडव व्हता ना रे. मानसं व्हती."

"ते नॉइज होतं, आजी. पोरं रडतायत, भांडी पडतायत, मागं चंद्राआजी. कॉम्प्युटर ते सगळं काढून टाकतो, फक्त तुझा आवाज ठेवतो. किती क्लीन झालंय बघ."

"लाव ते. घान आसलेलं लाव."

त्यानं वर जाऊन लावलं. हॉलमध्ये एकदम मांडव भरला. खुर्च्या सरकल्या, कुणाचं तरी पोर आईच्या नावानं रडलं, बाहेर मोटारसायकल फुरफुरली, कुणी म्हणालं हळदीची वाटी आनली का, आणि या सगळ्यात माझा आवाज लहानसा, गर्दीत उभ्या असलेल्या माणसाएवढा. तुटायची जागा आली. मी कान टवकारले. ती जागा आलीच नाही. म्हणजे आली असणार, पण तिथं आधीपासून कुणीतरी होतं. बारीक, केसासारखा आवाज, माझा तुटायच्या थोडासा आधी खालून लागलेला, आणि माझा सुटला तरी तो ओळ शेवटपर्यंत नेऊन ठेवत होता. मग मी नवी ओळ घ्यायची, ताजीतवानी, जणू मीच इथवर आले. सांधा कुठं दिसत नव्हता. ते शेपूट होतं. मी जे आटप म्हणायची ते. मी पुन्हा वर गेले, आवाज माडीवर घेतला आणि माऊस धरून स्वतः ते मागं नेलं, पुन्हा ऐकलं, कितीदा ऐकलं कुणास ठाऊक. मितेशचं ऑफिसचं काम तसंच पडलं होतं, पण त्यानं मला उठवलं नाही. मला लाज वगैरे वाटली नाही, नवल वाटलं. आपण राहतो त्या घराला एक खोली जास्त आहे असं म्हातारपणी कुणी दाखवावं, तसं. आणि त्या खोलीत कुणीतरी कायम राहतंय, दिवा लावतंय. गाताना मला चंद्री कधी ऐकूच आली नव्हती. मला फक्त मी ऐकू यायची.

संध्याकाळी मी रिक्षा करून बेलपाड्याला चंद्रीकडं गेले. दमयंती म्हणाली, "आई, एकट्या?" मी म्हटलं, "डब्यातून जाते का मग?" चंद्री गच्चीवर सुकटीची जाळी उलटी करत होती, चारी बाजूंना टॉवर आणि मध्ये तिची गच्ची, कावळे कठड्यावर ओळीनं बसलेले. तिला आता कमी ऐकू येतं. मी दारातून हाक मारली ती कावळ्यांनी ऐकली.

"चंद्रे, माजा दम कवापासून तुटतंय?"

"काय?"

"दम! दम माजा! कवापासून तुटतंय?"

"दवाखान्यात गेलीस का?"

"आगो गान्यात! मांडवात! तू मागून धरतेस ती!"

तिनं जाळी खाली ठेवली. "आगं बाय, ते व्हय. ते पयल्यापासून. तुजी वळ लांब आनि छाती बारीक."

"मंग तुला कसं कलायचं कुटं तुटनार ते? आनि आता तं तुला आयकू पन येत नाय."

"आयकायचं काय त्यात. तुजा खांदा वर जातंय. खांदा वर गेला का मी धरते."

"आनि येवडी वर्सं बोलली नाय कदी?"

"काय बोलायचं?" तिला खरंच कळलं नव्हतं. "मना वाटलं तुला ठावं हाय. गानं का एकटीचं आसतं?" मग कावळ्याला हाडत करून म्हणाली, "मी लांबवते म्हून तू कावायचीस. मी बोलली, कावू दे. न लांबवून कसं चालंल?"

मी तिच्या शेजारी गच्चीवर बसले आणि सुकटीतला कचरा वेचायला लागले. तिला सगळं सांगितलं, डबे, हॉलमधली हौसा, किचनमधली हौसा. तिला निम्मं ऐकू गेलं. ती म्हणाली, "बरं हाय की, डब्याला चा द्यायला नको." मग जाळी सरळ करता करता, "पन त्याला खांदा कुटं हाय?"

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की हळदीला मी उभी राहणार आणि चंद्री माझ्या मागं. हरेशनं डॉक्टरचं नाव काढलं. दमयंती म्हणाली, "आई, मध्येच काही झालं तर? भरल्या मांडवात? पूर्वीच्या हळदीला?" ती मला घालून पाडून बोलत नव्हती, तिचा आवाज हलत होता, आणि ती म्हणाली ते खोटं नव्हतं. भरल्या मांडवात धवला अर्धा राहिला तर लोक नवरीकडं बघतात, धवलारणीकडं नाही. जन्मभर त्या पोरीला ऐकवतात. मी पूर्वीकडं बघितलं. ती हातावरच्या मेंदीची चित्रं मोबाईलवर बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तो स्पीकरवाला नको. त्यात आजी मला ओरडते." तिथं ते मिटलं, म्हणजे माझ्यापुरतं. दमयंतीनं देवापुढं दिवा लावला तो मी बघितला.

हळदीच्या दिवशी उन्हं उतरताना मांडवात माणसं मावत नव्हती. मितेशनं पोरांची नाचायची गाणी लावली होती, ती त्यानं वेळेवर बंद केली. पूर्वी पाटावर बसली, खांद्यापर्यंत उघडे हात, गुडघ्यावर ठेवलेले, लहानपणी ताप आला की अशीच बसायची. मी पुढं झाले. पाठीमागं चंद्री. दमयंतीची नजर माझ्या छातीवर होती, पदराच्या आत बघता आलं असतं तर तिनं बघितलं असतं. मी सुरू केलं. गावदेवीला पहिला मान, मग शेताच्या राखणदाराला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावणं, तुमची पोर हळदीला बसली, या. शिवाचं नाव घेतलं. एक ओळ झाली, दुसरी झाली, छातीत खरखर होती पण चालत होतं. पण माझं लक्ष ओळीत नव्हतं. माझं लक्ष पाठीमागं होतं. इतकी वर्षं जिथं कुणीतरी गातंय ती जागा मला एकदा जागच्या जागी ऐकायची होती, डब्यातून नको. मी कान मागं लावला. गाताना काही केल्या ऐकू येईना, माझाच आवाज मध्ये यायचा, भिंतीसारखा. नवरीची ओळ आली. ती मी उचलली, अर्ध्यावर नेली. दम होता. अजून पुष्कळ होता. आणि मी थांबले.

मांडवात कुणीतरी श्वास आत घेतला. दमयंती एक पाऊल पुढं आली. आणि चंद्रीनं ओळ धरली. मी वळले. धवलारीण नवरीकडं पाठ करत नाही, पण मी केली. चंद्री हळदीची वाटी हातात धरून गात होती, डोळे माझ्यावर, आणि मला वळलेली बघून तिनं वाटीवाला हात जरासा हलवला, बघतेस काय म्हणून, आणि गात राहिली. बारीक आवाज, वर जाताना थोडा कापणारा, तरी ओळीवरून न सांडता चाललेला. पूर्वीचं नाव आलं, ते तिनं अलगद खाली ठेवलं. कुठल्या तरी मावशीनं पोरीच्या गालाला हळद लावली. ओळ संपली, आणि मांडवातल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या, आता पुढची हौसाबाय घेणार म्हणून. चंद्रीही बघत होती. मी तिला मानेनं खूण केली, तूच घे. ती जरा घुटमळली, मग तिनं घेतली. मी तोंड मिटून उभी राहिले. दमयंती माझ्या दंडाला धरून कानात म्हणाली, "आई, बरं वाटत नाय का?" मी तिचा हात बाजूला केला. मला अजून थोडं ऐकायचं होतं.